पदरमोडीचे श्रमदान

गेल्या दिवाळीत, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, सेलूतील एका जुन्या स्नेह्यांच्या ओसरीवर फराळाला बसलो होतो. कापसाची वेचणी ऐन भरात होती आणि वेचायला माणूस मिळत नव्हते, त्यामुळे घरधनी जरा त्रासलेलेच होते. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या नातीने आपला बेत सांगितला. मुलगी पुण्यास प्राणिशास्त्र शिकते. परदेशात एका किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या रक्षणाचे काम चालते, तेथे महिनाभर स्वयंसेवक म्हणून जावयाचे तिच्या मनात होते. रात्री वाळूत गस्त घालावयाची, दिवसा घरट्यांची मोजदाद करावयाची, असे कामाचे स्वरूप.

आजोबांनी मान डोलावली. "काम चांगलं हाये. पगार काय देतेत?"

"पगार नाही, आजोबा. आपणच पैसे भरायचे असतात."

भरावयाची रक्कम तिने सांगितली तेव्हा ओसरीवर क्षणभर कोणी बोलले नाही. कापसाच्या पट्टीवर असा आकडा चांगल्या वर्षीच दिसतो. मग आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही जन्मभर इतिहास शिकविला. पैसे देऊन राबणारी माणसं या दुनियेत कधी होती का हो? असतील तर त्यांना म्हणावं, सेलूला या, कापूस वेचा. मी त्यांच्याकडून एक रुपया घेणार नाही!"

सगळे हसले. नात मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलेले पाहून आजोबांनीच विषय बदलला आणि निकाल माझ्यावर सोपविला. चिवड्याची बशी हातात घेऊन निकाल देण्याइतका मी धीट नाही. मी मुदत मागून घेतली. पुढे जे वाचले, ताडून पाहिले आणि त्या घरात बोललो, तेच वाचकांपुढे ठेवीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आजोबांचा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. पोटासाठी राबणारा आणि पुण्यासाठी राबणारा अशी दोन माणसे आपल्याला पूर्वापार ठाऊक आहेत. आषाढीला पायी निघणारा वारकरी मजुरी मागत नाही. वाटखर्च आपला आणि पायांचे कष्टही आपलेच. देवळाच्या बांधकामाला दगड वाहणारे, गावजेवणात पंक्ती वाढणारे, तेही तसेच. पण वारकरी पंढरपुरास जाऊन कोणाच्या हाती 'मला चालू दिलेत' म्हणून दक्षिणा ठेवीत नाही. कष्ट द्यावयाचे आणि ते कष्ट करू दिल्याबद्दल वर पैसाही द्यावयाचा, ही रीत कोठून आली, हा खरा प्रश्न आहे.

आधुनिक काळातील त्याचा एक धागा पहिल्या महायुद्धाच्या राखेतून निघतो. पिएर सेरेसोल नावाच्या स्विस इंजिनिअरने १९२० साली फ्रान्समध्ये व्हर्डनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात निरनिराळ्या देशांचे मूठभर लोक जमविले. काल एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांची माणसे तेथे खोरी-फावडी घेऊन एका पडक्या गावाची घरे उभी करू लागली. त्यातून आंतरराष्ट्रीय नागरी सेवेची संस्था जन्मास आली. १९३४ च्या जानेवारीत बिहारला भूकंपाने जमीनदोस्त केले, तेव्हा हेच सेरेसोल आपले सोबती घेऊन हिंदुस्थानात आले आणि गावे पुन्हा वसविण्याच्या कामाला लागले. पुढे स्वातंत्र्यानंतर याच संस्थेचे तरुण वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात येऊन राबले. ज्या काळी कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत, त्या काळी परक्या मुलखातील मुले त्यांच्या शेजारी विटा रचीत होती. बाबांनी १९६७ साली सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. उन्हाळ्याच्या सुटीत महाराष्ट्रभरची कॉलेजची मुले तेथे जाऊ लागली. आमच्या परभणी जिल्ह्यातूनही मुले जात. परतली की हाताचे फोड अभिमानाने दाखवीत. 'आई घरी पाणी भरायला सांगते तेव्हा कोठे जातो हा अभिमान?' असे त्यांच्या माताजी म्हणत, ते निराळे.

या सगळ्यांत येणारा आपल्या खर्चाने येई आणि छावणीत मीठभाकर खाई. यजमानावर भार पडू नये एवढाच पैशाचा हेतू. काम चालविण्याचा पैसा दुसरीकडून, देणगीतून, उभा राही.

उलटापालट झाली ती १९७१ च्या सुमारास, अमेरिकेत. त्या वर्षी बोस्टन येथे अर्थवॉच ही संस्था निघाली. विद्यापीठांतील संशोधकांना जंगलात, वाळवंटात, बेटांवर वर्षानुवर्षे निरीक्षणे करावयाची असत आणि अनुदान तर पुरे पडत नसे. दुसरीकडे शहरात असे हजारो शिक्षक, कारकून, निवृत्त गृहस्थ होते की ज्यांना वर्षाची रजा समुद्रकाठी लोळण्यात घालविण्याचा कंटाळा आला होता. संस्थेने दोघांची गाठ घालून दिली. हौशी माणसाने यावे, दोन आठवडे शास्त्रज्ञाच्या हाताखाली मापे घ्यावी, नोंदी कराव्या आणि आपल्या खर्चापेक्षा काही जास्त रक्कम भरावी. त्या वरकड रकमेतून संशोधकाची होडी, यंत्रे, मदतनिसांचे वेतन भागावे. म्हणजे स्वयंसेवक हाच मजूर आणि हाच सावकार. फरक एवढाच की हा सावकार मुद्दल परत मागत नाही.

कासवांचे काम या पद्धतीला फारच मानवले. त्याचे कारण कासवाच्या वागण्यातच आहे. समुद्री कासवाची मादी अंडी घालण्यापुरती किनाऱ्यावर येते, तीही बहुधा रात्री. कोणत्या रात्री, किती वाजता, मैल-दोन मैलांच्या किनाऱ्यावर नेमकी कोठे, ते कोणीच सांगू शकत नाही. तेव्हा हंगामभर, दररोज, साऱ्या किनाऱ्यावर डोळ्यांत तेल घालून फिरावयाचे, एवढाच इलाज उरतो. त्याला हुन्नर थोडा लागतो, पाय आणि डोळे पुष्कळ लागतात. कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावर, जेथे चामडी पाठीची प्रचंड कासवे येतात, ऐंशीच्या दशकात अर्थवॉचचे पैसे भरून आलेले स्वयंसेवक रात्र रात्र चालत. वाळू ढासळून वाहून जाणार अशा जागची अंडी उचलून ते सुरक्षित जागी पुरीत.

त्याही आधी कॅरिबियनमध्ये एका पुस्तकाने वाट करून दिली होती. फ्लॉरिडा विद्यापीठाचे आर्ची कार यांनी १९५६ साली 'द विंडवर्ड रोड' हे प्रवासवर्णन लिहिले. हिरव्या समुद्री कासवाचे सूप ही त्या काळी युरोपातील मेजवान्यांची मिजास होती आणि त्यापायी किनारे ओस पडत चालले होते. हे पुस्तक जोशुआ पॉवर्स नावाच्या गृहस्थांना इतके भावले की त्यांनी त्याच्या प्रती विकत घेऊन मित्रांना वाटल्या आणि त्या मित्रांची चक्क एक 'हिरव्या कासवाची बिरादरी' स्थापन केली. तिचेच १९५९ साली रीतसर संस्थेत रूपांतर झाले आणि कोस्टारिकातील तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर कासवांचे रक्षण व अभ्यास अखंड चालू झाला. बिरादरीचे सभासद वर्गणी देत. राबत मात्र कार आणि त्यांचे विद्यार्थी. पुढे तेथेही पैसे भरून गस्त घालणारे स्वयंसेवक येऊ लागले.

मग पाण्याखालची पाळी आली. १९८६ साली लंडनमध्ये कोरल के कॉन्झर्व्हेशन ही संस्था निघाली. मध्य अमेरिकेतील बेलीझ या चिमुकल्या देशापुढे लांबच लांब प्रवाळरांग आहे. तिचे नकाशे आणि तेथील जीवांची मोजणी करावयास त्या देशाजवळ ना माणसे होती ना पैसा. संस्थेने विलायतेतील तरुणांकडून पैसे घेतले, त्यांना पाणबुडीची विद्या दिली, प्रवाळांच्या व माशांच्या जाती ओळखावयास शिकविले आणि मोजणीस पाण्यात उतरविले. त्या नोंदी बेलीझच्या अधिकाऱ्यांच्या हाती जात. १९९६ साली ती प्रवाळरांग जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्याचे श्रेय पुष्कळांचे आहे. पण खारट पाण्यात डोळे लाल करून मासे मोजणाऱ्या हौशी मुलांचाही त्यात वाटा आहे.

येथे आमच्या आजोबांनी मला अडविले. "मोजून काय मिळालं? मासे तर धरणाराच खातो." प्रश्न बिनतोड होता आणि त्याचे मला सापडलेले सर्वांत चांगले उत्तर मादागास्करमधून येते.

आफ्रिकेच्या पूर्वेस असलेल्या या बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आंदावाडोआका नावाचे वेझो कोळ्यांचे गाव आहे. ॲलस्डेर हॅरिस या इंग्रज तरुणाने २००३ साली ब्लू व्हेंचर्स ही संस्था काढली आणि तिचे पहिले मोठे काम येथे उभे केले. सुरुवातीच्या वर्षांत पैशाचा मुख्य झरा एकच, पैसे भरून येणारे परदेशी स्वयंसेवक. ते सहा-सहा आठवडे राहत, पाण्याखाली मोजणी करीत. त्यांच्या राहण्याजेवणाने गावात चार पैसे येत आणि वरकड रकमेवर शास्त्रज्ञांना व गावच्या कार्यकर्त्यांना वर्षभर तेथे ठेवता येई. हे 'वर्षभर राहणे' फार मोलाचे ठरले. त्या किनाऱ्यावर ऑक्टोपस धरून विकण्यावर अनेक घरे चालतात आणि तो दिवसेंदिवस बारका व विरळ मिळू लागला होता. रोजच्या उठण्याबसण्यातून जी ओळख झाली, तिच्या जोरावर २००४ च्या अखेरीस गावाने खडकांचा एक भाग काही महिने बंद ठेवून पाहिला. ऑक्टोपस अत्यंत झपाट्याने वाढणारा प्राणी आहे. बंदी उठल्यावर जे वजनदार ऑक्टोपस हाती आले ते पाहून शेजारची गावेही बंद्या पाळू लागली. २००६ साली अशा पुष्कळ गावांनी मिळून समुद्राचा मोठा पट्टा आपल्या नियमांखाली आणला. त्याला त्यांनी वेलोंद्रियाके असे नाव दिले.

"म्हणजे पीक कोवळं असताना ढोरं सोडायची नाहीत," आजोबा म्हणाले. "हे सांगायला लंडनहून माणूस कशाला पाहिजे?" मी म्हटले, सांगायला नको असेल, पण पहिली बंदी पाळताना चुली चालू ठेवायला आणि शेवटी खरोखर किती वाढ झाली ते मोजून चार गावांना दाखवायला पैसा लागतो. त्यावर ते गप्प राहिले. म्हणजे पटले, असा मी अर्थ केला.

पण या पद्धतीत दोन खोट्या आहेत, आणि त्या मुलीपुढे मांडणे मला कर्तव्य वाटले. पहिली ही की या दानाचा बराच भाग दात्याच्याच ताटात जातो. त्याला जेवू घालावयाचे, निजावयास खाट द्यावयाची, पोहावयास शिकवावयाचे, त्याचा विमा उतरावयाचा, तो आजारी पडला तर डॉक्टर गाठावयाचा आणि तो यावा म्हणून दूरच्या शहरात कचेरी व जाहिरात ठेवावयाची. या सगळ्यातून उरेल ते कासवाचे. शंभर रुपयांतले किती उरतात हे संस्थेसंस्थेवर अवलंबून आहे. काहींचा हिशेब लख्ख आहे, काहींचा विचारल्यावरही मिळत नाही. कामापेक्षा सहल मोठी झालेली ठिकाणेही जगात थोडी नाहीत. दुसरी खोट याहून गंभीर. झरा परदेशी माणसाच्या हौसेवर आणि विमानाच्या तिकिटावर अवलंबून असतो. २०२० साली महामारीने विमाने जमिनीवर आली, तेव्हा ज्यांची गस्त स्वयंसेवकांच्या पैशावर चालत होती त्या किनाऱ्यांची एका महिन्यात दैना झाली. कासवे मात्र ठरल्या वेळी आली.

आपल्या देशात कासवांचे काम निराळ्या रीतीने सुरू झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली समुद्री कासवांना संरक्षण मिळाले खरे, पण कायदा किनाऱ्यावर रात्री फिरत नाही. मद्रासच्या किनाऱ्यावर सत्तरच्या दशकात रोम्युलस व्हिटेकर यांच्या सर्पोद्यानाशी जोडलेल्या तरुणांनी अंडी गोळा करून पिले सोडण्यास प्रारंभ केला. १९८८ पासून विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने ते व्रत पुढे चालविले. परीक्षेच्या दिवसांत रात्रभर किनारा तुडवावयाचा आणि सकाळी कॉलेजात डुलक्या घ्यावयाच्या. या परंपरेतले आद्य पुरुष सतीश भास्कर यांची हकिकत तर कादंबरीत शोभावी अशी आहे. १९८२ च्या पावसाळ्यात ते लक्षद्वीपमधील सुहेली या निर्जन बेटावर कासवांच्या अभ्यासासाठी एकटे जाऊन राहिले. पावसाळ्यात होड्या बंद, त्यामुळे पाच महिने परतीची वाटच नाही. पत्नीला लिहिलेले पत्र त्यांनी बाटलीत घालून समुद्रात सोडले आणि ते श्रीलंकेच्या किनाऱ्यावर एका कोळ्याला सापडून पुढे रवाना झाले. २०२३ साली ते वारले. आमच्याकडची पद्धत ही अशी, शुद्ध पदरमोडीची. तिच्यात तेज आहे. पण असे सतीश भास्कर गावोगाव कोठून आणावयाचे?

याचे उत्तर कोकणातल्या एका खेड्याने शोधले, आणि त्यासाठी मुलीने विमानात बसावयाची गरज नव्हती.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेला वेळास आहे. नाना फडणिसांचे हे मूळ गाव. पेशवाईला तिचा सर्वांत चोख हिशेबनीस ज्या भानू घराण्याने दिला ते येथले. नारळी-पोफळीच्या वाड्या, तांबड्या चिऱ्यांची घरे आणि पुढे केतकी-सुरूच्या पलीकडे लांब पसरलेली वाळू. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचा अभ्यास करीत या किनाऱ्यांवर हिंडत असत. २००२ साली येथे त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी करता कळले की ऑलिव्ह रिडले जातीची कासवे दर हिवाळ्यात येथे येतात, अंडी घालतात आणि दिवस उजाडायच्या आत ती अंडी बहुतेक खणून नेली जातात. काही कुत्र्या-कोल्ह्यांच्या पोटात जातात, बाकीची माणसांच्या.

मादी वाळूत उमटविते तो माग चोरालाही वाचता येतो आणि रक्षकालाही. जो आधी पोहोचेल त्याची अंडी. म्हणून पहाटेपूर्वी किनारा चालणारी माणसे गावातूनच हवी होती. अंडी नेणाऱ्यांना ज्या खुणा ठाऊक होत्या त्या गावाबाहेरच्या कोणाला ठाऊक असणार? संस्थेने गावातील माणसे नेमली. त्यांनी माग काढावयाचा, घरटे उकरावयाचे, शंभराच्या आसपास असलेली अंडी हलक्या हाताने टोपलीत घ्यावयाची आणि किनाऱ्यावरच जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत, मूळ खड्ड्याच्याच मापाचा खड्डा करून पुरावयाची. हे सारे काही तासांच्या आत झाले पाहिजे. आत जीव धरू लागल्यावर अंडे हिसकले, फिरले तर तो जीव मरतो. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवस ऊन वाळूला तापवीत राहते. वाळू किती तापली यावर पिलू नर होणार की मादी तेही ठरते. दिवस भरत आले की प्रत्येक खड्ड्यावर एक टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. पिले वर आलेली असली की मोजून, पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत ठेवतात. समुद्रापर्यंतचे ते चार पावलांचे अंतर त्यांनी स्वतःच चालावयाचे असते.

पहिली वर्षे संस्थेच्या देणग्यांवर गेली. अडचण हिशेबाची होती, आणि नानांच्या गावात ती कोणाच्या लक्षात आली नसती तरच नवल. आमच्या आजोबांना मी ती कापसाच्या भाषेत सांगितली. कापूस आपली वेचणी आपल्या पाठीवर घेऊन बाजारात जातो. भाव येतो त्यातून मजुरी निघते. कासवाच्या अंड्यालाही भाव होता, पण तो चोरलेल्या अंड्याला. वाचविलेल्या अंड्यातून पिलू निघणार, ते समुद्रात जाणार. त्याला कोणत्या बाजारात उभे करावयाचे? हजारांत एखादेच पिलू मोठे होते असा अंदाज सांगतात. मग राखणदाराचा पगार काढावयाचा कशातून?

२००६ साली वेळासला कासव महोत्सव सुरू झाला तो या प्रश्नाचे उत्तर म्हणून. पिले बाहेर पडण्याच्या दिवसांत, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, मुंबई-पुण्याच्या माणसांनी यावे, पहाटे किनाऱ्यावर जावे, आणि राहावे गावकऱ्यांच्याच घरी. गावात हॉटेल नव्हते, आणि तेच पथ्यावर पडले. पाहुणा ओटीवर किंवा माजघरात चटईवर निजणार, घरच्यांच्या पंगतीला बसून आमटीभात, सोलकढी, एखादे दिवशी उकडीचे मोदक जेवणार आणि जाताना ठरलेली रक्कम घरच्या बाईच्या हाती देणार. मधे लंडनची कचेरी नाही की दलाल नाही. परदेशी पद्धतीत पाहुणा पैसे भरतो आणि कामही करतो; वेळासने काम स्वतःकडे ठेवले आणि पाहुण्याला पाहुणाच राहू दिले. मला तरी यात मोठा शहाणपणा दिसतो. दोन दिवसांच्या पाहुण्याला पहाटेचा माग वाचता येत नाही. जन्मभर त्या वाळूवर वावरलेल्या माणसाला येतो. आणि ज्या घरात कासवाच्या नावाने दोन महिने पाहुण्यांची पंगत बसते, त्या घरातून अंडी चोरावयास कोण निघेल? निघालेच तर आधी घरातली बाईच आडवी येईल.

कोकणातल्या बायकांविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही. पण ज्या गावातील पुरुष मुंबईस चाकरीला आणि घर बाईने एकटीने ओढावयाचे, तेथे तिच्या हाती पडणाऱ्या पैशाचे मोल किती, हे दुष्काळी मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

पुढे वनखात्याने हे काम आपल्या हाती घेतले. २०१२ साली राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला, नंतर त्याचे प्रतिष्ठान आले. किनाऱ्यावरच्या राखणदारांना 'कासवमित्र' हे नाव मिळाले आणि मानधनाची सोय झाली. आंजर्ले, गुहागर आणि खाली सिंधुदुर्गापर्यंत गावोगाव घरटी राखली जाऊ लागली. वेळासलाही संकटे चुकली नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये, ऐन पिलांच्या हंगामात, टाळेबंदी आली; पाहुणे थांबले. लागोपाठ ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीच्या वाड्या आडव्या केल्या, घरांची छपरे उडविली. परदेशी किनाऱ्यांवर गस्त घालणारेच मायदेशी परतले होते. येथे पाहुण्याचा पैसा थांबला तरी राखणदाराचे घर किनाऱ्यालाच होते. हा फरक मी मुलीला आवर्जून दाखविला.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसविले. तिचे नाव प्रथमा. मग आंजर्ले, गुहागर येथेही अशी यंत्रे बसली. सावनी, रेवा, वनश्री, लक्ष्मी अशी त्या कासवांची नावे. काही महिन्यांनी यंत्रे मुकी झाली, पण तोवर अरबी समुद्रातले त्यांचे फिरणे कागदावर उतरले होते. त्याहून मोठे आश्चर्य २०२५ च्या जानेवारीत गुहागरला घडले. अंडी घालावयास आलेल्या एका मादीच्या पायाला आधीच पट्टी होती. ती २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती! पूर्व किनाऱ्याची आणि पश्चिम किनाऱ्याची कासवे वेगळी, असे समजले जात होते; हिने सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा वळसा घालून दोन्ही किनारे एक केले.

ही हकिकत सांगितली तेव्हा आजोबा प्रथमच पाटावर सरसावून बसले. मी त्यांना म्हटले, "आपल्या दुधनेचं पाणी पूर्णेत जातं, पूर्णेचं गोदावरीत, आणि गोदावरी समुद्राला मिळते त्या काकिनाड्याच्या बाजूला हीच कासवं अंडी घालतात. आपला काय संबंध असं म्हणायची सोय राहिली नाही."

"तसं तर गुरुजी, आमच्या शेतातली माती बी दरसाल तिकडंच जाती," ते म्हणाले. मग नातीकडे पाहून, "जा बाई. पण त्या नानाच्या गावाला जा. आमच्या खिशाला झेपंल एवढं."

ती फाल्गुनात गेली. देवगिरीने मुंबई, पुढे एस.टी. तीन रात्री वेळासला राहिली. पहिल्या दिवशी सकाळी टोपली उचलली, खाली वाळू. संध्याकाळी वाळू. दुसऱ्या दिवशी तसेच. तिसऱ्या सकाळी मुंबईच्या पाहुण्यांतले एक गृहस्थ जरा चढ्या आवाजात 'आम्ही पैसे मोजले आहेत' असे बोलले; त्यावर राखणदाराने शांतपणे सांगितले, "साहेब, पैसे आम्हांला दिलेत. त्यांना कुठं दिलेत?" तिची परतीची गाडी ठरलेली होती. एकही पिलू न पाहता ती निघाली.

सेलूला परत आली तेव्हा आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, "मग पैसे परत दिले का?"

"नाही, आजोबा."

"अन् तू मागितले बी नाहीस?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ज्या घरी उतरली होती तेथील काकूंचा होता. त्या इतक्या मोठ्याने बोलत होत्या की ओसरीवर सर्वांना ऐकू आले. मुलगी निघाली त्याच संध्याकाळी टोपलीखाली त्रेसष्ट पिले होती.

"त्रेसष्ट," आजोबांनी पुन्हा उच्चारले आणि दिवाळीत ज्या वहीत कापसाचे वजन मांडतात ती वही मागविली.